फ्रीजमधली पिंड

एस.टी.तून उतरून, पिशवी सावरत आमच्या गल्लीत शिरले, तर आमच्याच दारात चपलांचा हा एवढा ढीग. सगळ्या बायकांच्या. दारात एवढ्या चपला लग्नाला नाहीतर मयताला, आणि आमच्या घरात लग्नाचं कुणी नव्हतं. म्हणजे आत्याबाई गेल्या!

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, भागिरथी. त्यांना साखरेचा आजार. रोज सकाळी इन्शुलिनची सुई टोचली तरच दिवस धड जायचा, आणि टोचायचं काम माझं. माझ्या आईचा पाय मोडला म्हणून अख्खा आषाढ मी श्रीगोंद्याला माहेरी होते, तेवढे दिवस हे काम छगन कंपाउंडरच्या गळ्यात घालून गेले होते. त्या छगन्यानंच काहीतरी घोळ घातला, असं म्हणत मी पिशवी उंबऱ्यात टाकली आणि "आत्याबाई!" करून हंबरडा फोडतच आत घुसले.

आत्याबाई पाटावर बसलेल्या. कपाळाला भस्म, हातात जपमाळ. माझ्याकडं बघून म्हणतात कशा, "वरडतीस काय गं? देवाम्होरं आवाज करू न्हाई. पाय धुऊन ये आधी."

"कुठला देव?" म्हणलं.

बायका जरा बाजूला सरकल्या, तेव्हा दिसलं. आमचा फ्रीज. त्याला आंब्याच्या पानांचं तोरण, मुठीला झेंडूची माळ, खाली रांगोळी आणि उदबत्ती. आणि दार सताड उघडं! बाहेर ऊन रणरणतंय, श्रावण असून आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि ह्या बायकांनी माझ्या फ्रीजचं दार कपाटासारखं उघडं टाकलेलं. त्या क्षणी माझं डोकं जे फिरलं, ते पुढं दोन दिवस फिरलेलंच होतं.

तेव्हा कर्जतमध्ये फ्रीज असा दोन-चार घरांत, आणि आमच्या आळीत तर आमच्याकडंच. आम्ही काही बडे लोक नव्हे, पिठाची गिरणी आमची. पण आदल्या उन्हाळ्यात आत्याबाईंचं औषध मी माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायचे, आणि वाळू ओली ठेवायला पाणी लागतं. पुढं दुष्काळ असा पडला की प्यायलाच टँकरची वाट बघायची, वाळूला कुठलं घालणार? मग नगरच्या मिल्ट्री कँपातल्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा मालकांनी त्याचा जुना फ्रीज ट्रकमध्ये उभा करून आणला. मालक म्हणजे आमचे हे.

फ्रीज आला आत्याबाईंसाठी, पण सांभाळायचे मी. साहेबाच्या बायकोनं मला सगळं दाखवून दिलं होतं, आणि मी एकदा ऐकलं की विसरत नाही. वरच्या बर्फाच्या कप्प्यात बोटभर बर्फ साचला की बटण बंद करायचं, दार उघडायचं, कोमट पाण्याचं पातेलं आत ठेवायचं आणि गप बसायचं. बर्फ आपसूक सुटतो. सुरी, चमचा काहीही आत घालायचं नाही. मग पाण्यात खायचा सोडा घालून आतून पुसायचं, दाराचा रबर कोरडा करून त्याला जराशी पावडर लावायची. आणि आमच्याकडं वर आणखी एक काम, कारण गिरणी भिंतीपलीकडंच. फ्रीजच्या पाठीला जी काळी जाळी असते तिच्यावर पीठ बसतं. ते कुंचल्यानं झाडलं नाही की मोटर धापा टाकते. हे सगळं मी दर पंधरवड्याला करायचे. माझा फ्रीज आतून असा लखलखीत असायचा की त्यात वाटी ठेवायला मला जिवावर यायचं.

आणि आता? आत वाकून बघितलं. बर्फाच्या कप्प्याचं छोटं दार दिसेनासं झालेलं. महिनाभर कुणी बर्फ काढलेला नाही, वर दिवसातून शंभर वेळा दार उघडतंय, मग होणार काय! कप्पा भरून बर्फ बाहेर आलेला, आणि बरोबर मध्यभागी, वर गोल, खाली पसरट, कडेला पन्हळ निघालेली... खोटं कशाला बोलू? हुबेहूब महादेवाची पिंड होती ती. हात माझेही जोडले गेले.

पण हात जोडताना डोळे उघडे होते माझे. पिंडीभोवती बेलाची पानं, आणि तांबडे दाणे. श्रावणी सोमवारची शिवामूठ! तांदूळ कुणाच्या घरात नव्हते, तर बायकांनी रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची मूठ वाहिलेली, माझ्या बर्फाच्या कप्प्यात. ते दाणे खालच्या ताटलीत पडून तिथंच गोठलेले.

"ह्ये कवापासून?" मी विचारलं.

उत्तर दिलं रंगुबाईनं. रंगुबाई आमची शेजारीण, भजनाची पुढारीण. मावशी म्हणतो आम्ही तिला. आठ-दहा दिवसांमागं गिरणीत दळण टाकायला आली होती, आत्याबाईंनी थंड पाणी द्यायला फ्रीज उघडला, आणि पिंड पयली रंगुबाईलाच दिसली. मग काय, गिरणीत दळायला येणारी प्रत्येक बाई डबा ठेवून दर्शनाला आत. "पान्यासाठी गाव तडफडतंय, आन् महादेव पान्याचाच देह घेऊन आला गं मनकर्णे. तुमच्या घरात आला. तुमचं भाग्य थोर!" असं म्हणून रंगुबाईनं डोळ्याला पदर लावला. खोटं नव्हतं तिचं रडणं. तिच्या विहिरीत वैशाखापासून खडक दिसत होता.

मी बायकांना घराबाहेर काढलं नाही. तेवढी अक्कल आहे मला. "दर्शन झालं आसंल तर दार लावते," म्हणलं आणि लावलं. त्या गेल्यावर परत उघडलं आणि आधी औषधाची बाटली हुडकली. बर्फाच्या कप्प्याच्या अगदी खाली होती. हातात घेतली तर दगड. गोठलेली! दुसरी, वापरातली, दाराच्या कप्प्यात होती. ती उजेडात धरून हलवली, तर आत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या फिरत होत्या. म्हणजे तीही गोठून परत सुटलेली. नगरच्या डॉक्टरांनी मला दहादा सांगितलेलं, बाई, औषध गार ठेवा पण गोठू देऊ नका, गोठलं की त्याच्यात जीव राहत नाही.

थंडीचं चक्र बघितलं. मी ते कायम मधोमध ठेवते. ते पार शेवटच्या आकड्यावर फिरवलेलं.

"ह्ये कुणी फिरवलं?"

"मी," आत्याबाई म्हणाल्या. "दार सारखं उघडून पिंड पाझराय लागली. देवाला गारवा नगं?"

"आन् छगन तुमाला ह्याच बाटलीतलं टोचत हुता?"

"व्हय. चांगला हलवून टोचायचा की."

हलवून! ताक आहे का ते?

तेव्हा कुठं मी आत्याबाईंकडं नीट बघितलं. भस्माखाली गाल बसले होते. ओठ कोरडे. शेजारी पाण्याची कळशी, आणि मी आल्यापासून त्यांनी दोन तांबे संपवले होते. त्यांना वाटत होतं, उपासामुळं तहान लागतेय. स्पिरिटचा दिवा पेटवला, काचेच्या नळीत निळं औषध घेतलं आणि म्हणलं, जरा लघवी करून आणा. त्या चिडल्या, देवाच्या घरात हे काय घाण, म्हणाल्या. पण आणली. नळीत थेंब टाकून तापवली. साखर नसली तर ते निळंच राहतं, थोडी असली तर हिरवं होतं, आणि लई झाली तर विटेसारखं लाल. माझ्या डोळ्यांदेखत ते हिरवं झालं, पिवळं झालं, आणि बघता बघता वीट होऊन बसलं.

मी माहेरी जाताना ही नळी निळसर-हिरवी सोडून गेले होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहाटेच्या गाडीनं मालकांना नगरला पिटाळलं, थर्मास आणि चिठ्ठी देऊन. मोठ्या दवाखान्यासमोरचं औषधाचं दुकान रविवारीही उघडं असतं. मालक जाताना दारात घुटमळले. "फ्रीजचं काय करायचं ठरवलंस?" म्हणाले. आईला दुखवायचं नाही आणि बायकोला चिडवायचं नाही, ह्यातच त्या माणसाचा जन्म गेला. मी म्हणलं, "तुमी औषध आना. फ्रीजचं मी बघते."

मी चक्र मधोमध आणून ठेवलं. दुपारी बायका येऊन गेल्या, पिंडीला पाझर फुटला, आणि मी चुलीपाशी वळले तेवढ्यात आत्याबाईंनी चक्र परत शेवटावर नेलं. मी खाली आणलं. त्यांनी वर नेलं. सासू-सुनांची भांडणं लई बघितली मी, पण एका चक्रावरून तमाशातल्या सवाल-जवाबाच्या बारीला बसल्यासारखी ही पहिलीच.

शेवटी मी त्यांच्यासमोर खाली बसले. "आत्याबाई, ऐका. मोटरला हात लावून बघा, चटका बसतोय. बर्फाची रजई पांघरल्यावर थंडी खाली उतरनार कुठून? वर गोठतंय आन् खाली आंबतंय. आज सांजंला नवं औषध येईल. थर्मासातला बर्फ उद्या दुपारपतूर टिकंल. तवर फ्रीज साफ व्हायला पायजे, न्हाईतर हेबी औषध नासंल. आन् मोटर जळाली तर पिंड तरी ऱ्हाईल का?"

"महादेव बघून घील."

"महादेव पिंडीत हाय, आन् औषध बाटलीत हाय. दोघं एका कप्प्यात न्हाई राहू शकत."

"मग औषध काढ भाईर," त्या म्हणाल्या. शांतपणे म्हणाल्या, म्हणून मला जास्त लागलं.

त्यांचं मला कळत होतं. मामंजी जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून हळदीकुंकू असलं की आत्याबाई मागच्या खोलीत. ओटी भरायची असली की त्या आड. लग्नात अक्षता लांबून. आणि आता सवाष्णी रांगेनं येऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवत होत्या, त्यांच्या हातचं तीर्थ घेत होत्या. बारा वर्षांनी कुणी त्यांना पुढच्या खोलीत बसवलं होतं. ते माझ्या हातानं हिसकावून घ्यायचं? माझ्या जिवावर आलं होतं, सांगते की. पण नळीतली वीट डोळ्यापुढून हलत नव्हती.

"देव म्हैन्यात परत येतोय, आत्याबाई," मी म्हणलं. "बर्फ साचनारच हाय. तुमी न्हाई परत येनार."

"न्हाई आले तर कुनाचं अडतंय?"

"माझं अडतंय!" मी ओरडलेच. "सोळाव्या वर्षी ह्या घरात आले, भाकरी थापता येत नव्हती मला, तुमी हात धरून शिकवलं. माझं अडतंय!"

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. जपमाळ सुरू झाली.

संध्याकाळी मालक औषध घेऊन आले. थर्मासातल्या बाटलीतून मी आत्याबाईंना टोचलं, त्यांनी नको-नको केलं तरी टोचलं. जेवताना मी विचार करत होते, आणि भाकरीचा घास तोंडात असतानाच मला सुचलं. अगं मनकर्णे, तू उगाच भांडतेस! उद्या श्रावणी सोमवार. सोमवारी महादेवाला काय घालतात? अभिषेक! आणि बर्फ सोडवायला काय लागतं? कोमट पाणी! मी एकटीच हसले, तर मालक घाबरून माझ्याकडं बघायला लागले.

सोमवारी सकाळी घर भरून बायका आल्या. मी फ्रीजचं बटण बंद केलं, वायर काढून हातावर गुंडाळली, आणि चुलीवरची पितळी घागर आणून मधोमध ठेवली. कप्प्याखाली परात सरकवली. गावात पाण्याचा हा दुष्काळ, पण त्या दिवशी आमच्या वाट्याचं सगळं पाणी मी देवाला काढलं होतं.

"आज अभिषेक," मी म्हणलं. "जिची विच्छा आसंल तिनं तांब्याभर घालावं."

रंगुबाईनं घागरीत बोट बुडवलं आणि झटकन काढलं. "अगं, ह्ये कोमट हाय! पिंड इतळंल की!"

"इतळनारच," मी म्हणलं. "गनपती बसवतो तो बुडवतोच की आपन. आलेल्या देवाला वाटंला लावायचं आसतं, मावशी."

"गनपती येगळा. ह्यो आपल्या पायानं आलाय." बायकांत कुजबूज सुरू झाली. पाऊस पडायच्या आत पिंड मोडली तर गावाचं काय होईल, कुणीतरी म्हणालं. रंगुबाईला एकदम युक्ती सुचली. "मोडायची कशाला? उचलून देवळात नेऊ!" असं म्हणून तिनं माझ्या ओट्यावरचं लोखंडी उलथनं उचललं आणि सरळ कप्प्यात घातलं.

मी तिचं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. "हात भाईर काढा!"

"अगं, सोड!"

"त्या पत्र्याच्या आत नळी हाय, नळीत गॅस हाय. भोक पडलं की ह्यो फ्रीज ऱ्हायला न्हाई, नुसतं कपाट ऱ्हायलं. मग आत्याबाईंचं औषध कुठं ठेवू? तुमच्या विहिरीत?" आता मी थांबणार नव्हते. गुठळ्या झालेली बाटली सगळ्यांसमोर धरली. "ह्ये बघा. देवाला गारवा देन्यापायी ह्ये नासलं. ह्येच्यात आत्याबाईंचा जीव हाय. नवी बाटली त्या थर्मासात हाय, त्येच्यातला बर्फ संपत आलाय. फ्रीज आत्ताच्या आत्ता साफ झाला पायजे."

रंगुबाईचं मनगट मी अजून सोडलं नव्हतं. ती माझ्याकडं बघत, अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाली, "मनकर्णे, मला सांग, ती म्हातारी बाई. पिकलं पान. आज हाय, उद्या न्हाई. तिच्यापायी गावाचा पाऊस आडवतीस व्हय?"

"पिकलं का हिरवं, ते झाड बघून घील!" मी म्हणलं. "तुमी कशाला फांदी हलवताय?"

पण ते बोलून मी आत्याबाईंकडं बघितलं आणि माझा राग जागच्या जागी विरघळला. त्यांची जपमाळ थांबली होती. त्या एकेका बाईच्या तोंडाकडं बघत होत्या. ज्यांनी आठ-दहा दिवस त्यांच्या पायावर डोकी ठेवली, त्यांच्यातली कुणीतरी म्हणंल, की अगं रंगू, असं बोलू नये. कुणी म्हणलं नाही. एकीनं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं, दुसरी दाराकडं बघायला लागली. मला आत्याबाईंचा चेहरा बघवेना. धावत जाऊन त्यांना पोटाशी धरावं असं वाटलं मला.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू.

"मनकर्णे, पानी कसं हाय?"

"कोमट हाय, आत्याबाई."

"तांब्या दे."

रंगुबाई गडबडली. "अवो पर... पयला तांब्या तुमी कसा घालताय? सवाष्णीनं घालावा."

आत्याबाईंनी तिच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. "पिंड माझ्या औषधाच्या डोक्यावर बसलीया," त्या म्हणाल्या. "पयला तांब्या माझाच."

आणि त्यांनी ओतला. "हर हर महादेव" म्हणत ओतला, डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण हात हलला नाही. दुसरा मी ओतला. मग मागनं एक तरणी पोर पुढं आली, रतनबाईची सून, तिनं ओतला, आणि मग रांगच लागली. पिंडीची धार बोथट झाली, पन्हळ गेली, आणि मग आतून कडकड वाजलं. सगळा बर्फ पत्र्यापासून सुटून एका दमात परातीत आला. एकाही ओरखड्याशिवाय! आमच्या साहेबीणबाईंनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती माझी.

परातीतलं पाणी आत्याबाईंनी तीर्थ म्हणून वाटलं. त्या दिवसांत गार पाण्याचा घोट म्हणजे काय, ते त्या बायकांच्या तोंडाकडं बघून कळत होतं. रंगुबाई शेवटी आली. मान खाली, हात पुढं. मला वाटलं आत्याबाई आता चार शब्द सुनावतील. मी असते तर परात तिच्या डोक्यावर ओतली असती. आत्याबाईंनी तिची ओंजळ काठोकाठ भरली आणि म्हणाल्या, "पी. तुज्या हिरीला पानी येऊ दे." रंगुबाई तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली. कुणी तिला गप केलं नाही.

बायका गेल्यावर मी पदर खोचला. मिलोचे दाणे वेचून दारातल्या चिमण्यांना टाकले. सोड्याच्या पाण्यानं फ्रीज आतून पुसला, कोपऱ्यातलं बेलाचं पान काडीला चिंधी गुंडाळून काढलं, रबर कोरडा केला. मालक आणि मी मिळून फ्रीज भिंतीपासून ओढला. जाळीवर पिठाचा असा थर की भाकरी झाली असती. कुंचल्यानं झाडून काढलं, बटण लावलं. मोटर घुं करून सुरू झाली आणि थोड्या वेळानं आपली आपण थांबली. महिनाभरात पहिल्यांदा तिला उसंत मिळाली असेल. चक्र मधोमध. औषधाची बाटली मधल्या फळीवर, बर्फापासून लांब.

आत्याबाई हे सगळं पाटावर बसून बघत होत्या. भस्म घामानं ओघळलं होतं. मी सुई उकळून आणली, बाटली तळहातावर हळू फिरवली आणि औषध ओढायला लागले.

"मनकर्णे."

"काय?"

"मला जगायचंय गं."

माझा हात थांबला.

"पांढऱ्या कपाळाची बाई, नातवंडं झाली. आता आनी काय पायजे, आसं लोक म्हनतील. म्हनून लाज वाटायची. म्हनून देवाच्या आड जाऊन बसले हुते." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "पर मला लई जगायचंय."

पण सुई हातात होती, आणि मापात चूक करून चालत नाही.

"मग रडताय कशाला?" मी म्हणलं. "दंड पुढं करा."